पुढचा ब्रेक

भाऊ बोटीवर गेला आणि त्याची मोटारसायकल
पडवीत गोणपाटाखाली राहिली, दोन पावसाळे.
तिसऱ्या वर्षी मी गोणपाट काढलं.
वय त्रेचाळीस, नोकरी पंचायतीत,
आणि बस कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नाही.

शाबा गावस शिकवायला आला. तीस वर्षं पायलट,
पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर अर्धा तालुका नेऊन सोडलेला.
बंद खाणीच्या प्लॉटवर त्यानं मला
चार संध्याकाळी गोल गोल फिरवलं.
"सवकास" एवढंच म्हणायचा.
क्लच, गियर, वळण, सगळ्याला एकच शब्द.
मला वाटलं, म्हाताऱ्याकडे दुसरे नसावेत.

पहिल्यांदा पडले ती मयेच्या उतारावर.
वळणावर लाल खडी, समोर कोंबडी.
कोंबडी वाचली.
मी उठले तेव्हा ती पलीकडे उभी राहून
माझ्याकडे पाहत होती, एका डोळ्यानं.
घरी सांगितलं, गेटला घासले.

दुसऱ्यांदा सारमानसच्या धक्क्यावर, साक्षीदारांसकट.
ओहोटी होती. उतरणीवर शेवाळ,
फेरी अजून टेकायची होती,
आणि मला एकदम वाटलं, पाणीच वर येतंय.
उजव्या हाताची बोटं आवळली गेली.
मी आवळली नाहीत. ती आवळली गेली,
जशी आवळतात जिन्यावर पाय चुकल्यावर,
रात्री अकरानंतर फोन वाजल्यावर.
पुढचं चाक थांबलं. मी येतच राहिले.
ते पडणं इतकं संथ होतं
की पडता पडता मला
टोपलीवरचं ओलं फडकं, फडक्यावरच्या माशा,
कुणाचीतरी निळी चप्पल, सगळं नीट दिसलं.

इनासिननं टोपली खाली ठेवून मला बगलेत धरून उठवलं.
"हाड मोडूंक ना मगे," म्हणाली,
आणि गाडीकडे पाहून, "तिचेंय ना."
फेरीवाला दोर टाकता टाकता हसला. हसू दे.
ब्रेकचा लिव्हर तेवढा वाकला होता.

रात्री शाबा आला. रागावला नाही.
लिव्हर बोटांनी चाचपला,
मग विचारलं, "नारळाचा रस कसा काढतेस?
फडकं हिसक्यानं पिळतेस?"
हिसक्यानं फडकं फाटतं.
"मग?"
आधी नुसतं धरायचं. रस सुटायला लागला की जोर.
"तेच," म्हणाला. "मागच्या ब्रेकालाही थोडा वाटा दे.
आणि शेवाळ दिसलं तर उतर, ढकलत ने.
लाज सालटापेक्षा स्वस्त."

मग प्लॉटवर करवंटी ठेवून रोज: इथे थांब.
किती करवंट्या फोडल्या ते मोजलं नाही.

साखळीच्या बाजारात परवा एक पोर
चेंडूमागे आलं. बोटांनी आधी नुसतं धरलं.
गाडीनं नाक खाली घातलं, थांबली.
पोरानं चेंडू उचलला, गेलं.
कुणीच पाहिलं नाही. इनासिन हवी होती.

लिव्हर वाकडाच आहे. नवा महाग नाही,
पण वाकडा माझ्या बोटांना बसलाय.

काल रात्री साडेअकराला फोन.
भाऊ, कुठल्याशा बंदरातून.
गाडी चालवतेस म्हणे? पडलीस का?
"दोनदा," म्हटलं, "कोंबडी धरून."
तो काहीतरी बोलत होता, रेंज गेली.