फक्की

बहिरट, तू गेल्याचं मला पेपरातून कळलं.
पान सात, खाली कोपऱ्यात, फेटा बांधलेला फोटो.
तू फेटा कधी बांधायला लागलास?
माझ्याकडे आहेस तो उघड्या डोक्याचा,
खाकी हाफ पँट, गुडघ्याला हळदीची चिंधी,
हातात ती सियालकोटची स्टिक
तीनदा सुतळी गुंडाळलेली.

खडकी आणि घोरपडी.
मधे संगमाचा पूल आणि तासाभराची सायकल.
तुम्ही दारूगोळा कारखान्याचे, आम्ही रेल्वेचे.
तुला फिटर म्हणून घेतलं, मला यार्डात पॉइंट्समन म्हणून,
आणि दोघांच्याही साहेबांना ठाऊक होतं
पगार कशाचा देतोय ते.
महिना चौऱ्याऐंशी रुपये,
मॅचच्या आदल्या रात्री अर्धा शेर दूध.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार.
बाजारात सायकल टेकवायला भिंत उरायची नाही.
पिल्लेची आई सेंटर लाइनवर छत्री उघडून बसायची,
तिला हॉकीतलं ओ की ठो कळायचं नाही,
पण आमच्या डिसाला ती दरवर्षी नवा शाप द्यायची, तमिळमधून,
आणि हाफ टाइमला त्यालाच सोललेलं संत्रं.
माझ्या पॅडखालून बॉल सरकला की तुमची पोरं: रेल्वे लेट! रेल्वे लेट!
तुझा फटका बाहेर गेला की आमची: दारू ओली!

तेरा वर्षं.
सहा तुमच्या, सहा आमच्या,
आणि एक अठ्ठावन्नची.

ती आम्ही जिंकलो. चषकावर तसं कोरलंय.
दोन-एक, शेवटचं मिनिट, ऊन थेट माझ्या डोळ्यात,
आणि डीच्या टोकावरून तू.
आवाज आधी आला. मग मी पडलो.
मग बॉल माझ्या हाताखाली, आणि अंपायर धापा टाकत पंचवीस यार्डांवर,
त्यानं मान हलवली: नाही.

साठ वर्षं तू फोन करत होतास.
आधी शेजारच्या वाण्याकडे, मग आमच्या काळ्या डबड्यावर, मग नातवाच्या मोबाईलवर.
"भास्तेकर, आत होता रे."
"बाहेर होता."
"आत होता."
"बायको कशी आहे?"
"बरी आहे. आत होता."

दहाव्याला आलो बोपोडीच्या घाटावर.
रास्ता पेठेतून रिक्षा, दोनशे दहा रुपये, तू शिव्या दिल्या असत्यास.
तुझी नात भेटली, वेदिका, खांद्यावर स्टिकची बॅग,
म्हणाली, तुम्हीच ना ते गोलकीपर?
आजोबा सांगायचे,
भास्तेकरनं अडवला. रेषेच्या अलीकडे. असा हात मी जन्मात पाहिला नाही.

बहिरट, हरामखोरा,
घरी तू हे सांगत होतास?

मला राग आला. खरंच आला.
कावळा शिवत नव्हता, माणसं कुजबुजत होती
काय राहिलं असेल, कोणती इच्छा,
कुणी म्हणालं जमीन, कुणी म्हणालं धाकटा मुलगा,
आणि मी, आमच्यात हे कावळ्याचं काही नसतं तरी,
पुढे झालो. गुडघे करकरले.
पिंडापाशी वाकून हळूच म्हटलं:

आत होता.

ताजी फक्की होती त्या रेघेवर, सकाळीच मारलेली.
बॉल हातात आला तेव्हा चार बोटं रुंद पांढरा,
मागच्या बाजूनं पांढरा. कळतंय ना? मागच्या.
मी उठायच्या आत तो पॅडला पुसला.
पॅड धुतले नाहीत. अजून माळ्यावर आहेत,
आता ते सगळेच पांढुरके दिसतात, काही सिद्ध होत नाही.

कावळा आला की नाही ते बघायला मी थांबलो नाही.

आता फोन वाजत नाही फेब्रुवारीत.
आता मी काहीही सांगू शकतो, पाच-शून्य, सात-शून्य,
खोटं पाडायला माणूस नाही.
त्यात काही मजा नाही, बहिरट.

वेदिकानं परवा मॅचला नेलं, नेहरूनगरला.
निळं मैदान, वर पाणी मारतात, घसरतात पोरी मासोळ्यांसारख्या.
ती तुझ्यासारखीच डाव्या खांद्यानं वळते.
मी गोलच्या मागे बसलो, चष्मा पुसून.
रेघ पाहिली. पक्की आहे, गवतातच विणलेली.
बॉल तिच्यावरून जातो, येतो.
त्याला काही लागत नाही.