रिपीटरसाठी जागा, कार्निया

एर्मेसने नकाशावर पेन्सिलीने सावल्या भरल्या:
कुठल्या माथ्यावरून कुठलं गाव ऐकू येणार नाही.
सगळ्यात उंच शिखर आधीच सोडलं.
तिथे वीज फक्त आभाळातून येते.
घंटाघराला पाद्रीबाबा हो म्हणाले,
पण दरीच्या वळणापलीकडे दोरिना
गाडीत बसून नुसती खरखर ऐकत राहिली.

तिसऱ्या रविवारी
अर्मिदाबाईंचा गोठा. उंची बेताची,
छपरावर शेवाळ, गाई कधीच विकलेल्या.
एर्मेसने कुंपणाच्या बांबूला अँटेना बांधली,
बटण दाबलं.
"येतंय," दोरिना म्हणाली. "स्पष्ट.
तुला दम लागलाय तोसुद्धा."

भाडं विचारलं.
बाईंनी चीजच्या कढईमागचा प्लग दाखवला.
"विजेचं बिल तुमचं. आणि उंदीरही तुमचे."
मग किल्ली देता देता, आमच्याकडे न बघता:
"शहात्तरच्या भूकंपात
रात्रभर इथून हाका मारल्या आम्ही.
खाली माणसं होती.
मध्ये डोंगर होता."

कोणी काही बोललं नाही.
एर्मेसने नकाशाची घडी घातली,
ती नीट बसेना,
पुन्हा घातली.
पेन्सिलीची सावली
त्याच्या अंगठ्याला लागली होती.