धडा

घाटंजीच्या जिनिंगात मी काट्यावर बसतो.
भरली गाडी वजा रिकामी गाडी,
उरला तो कापूस.
बावीस वर्षं एवढाच हिशेब.

त्या दिवशी रांग पार पेट्रोल पंपापर्यंत.
सकाळी गोळी घेतली, वरून पाणी,
डब्याचं झाकण उघडलंच नाही.
घेतो ना, एवढी दहा-बारा वाहनं निघू दे.

साडेअकराला आकडे पोहायला लागले,
काचेमागचे लाल आकडे, मासोळ्यांसारखे.
तेहतीस क्विंटल की अडतीस?
पेन पावतीवर चाललं, हात माझा नव्हता.
ऐन थंडीत कानशिलावरून घाम.
मेटाडोरवाला म्हणाला, बाबू आज पिऊन आला काय?

झिबल आत्राम हमाल. त्याच्या सासऱ्याचं असंच व्हायचं.
टपरीवरून त्यानं कागदात मूठभर साखर आणली
आणि माझ्यापुढे धरून
शेंबड्या पोराला म्हणावं तसं म्हणाला, 'खा.'

जिला दोन वर्षं घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता
ती दाढेखाली किरकिरली,
आणि एकेक आकडा जागेवर येऊन बसला.

मेश्राम सिस्टर रागावल्या नाहीत,
तेच जास्त लागलं.
'शुगर चढते तशी पडतेही, शेषराव.
गोळी घेतली की जेवण आलंच.'

घरी चंद्रकलानं सगळं ऐकलं.
भात वाढता वाढता तिचा हात थांबला.
'लोकाइच्या गाड्या तोलता,
सोताचं ताट कधी तोललं काय जी?'

जुन्या तराजूला आधी धडा करायचे,
पारडी सारखी झाली की मगच माल.
माझा धडा ती रोज पहाटे करते,
चुलीपुढे, न बोलता.
आता डबे दोन.
नऊच्या डब्यात जवारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी,
जवसाची चटणी, कोपऱ्यात मुळा.
एकच्या डब्यात आधी अंबाडी नाही तर चिवळ,
मग वरण, मग भात.
हो, भात. 'भातानं काय पाप केलं? मापात खा.'
वाटीभर. वर सांबार चिरलेला, हिरवागार,
वाटी मोठी दिसावी म्हणून.
चारला शर्टाच्या खिशातून फुटाणे.
आणि बिनसाखरेचा चहा,
ज्याला पहिला महिना भिजल्या सुतळीची चव होती.
आता तो चहासारखा लागतो. जवळजवळ.

भाचीच्या लग्नात मात्र बुंदी खाल्ली,
मांडवामागे, उभ्यानं, चोरासारखी, दोनदा.
चंद्रकला काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी साडेपाचला माझ्या चपला
दाराकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या.
कालव्यापर्यंत गेलो, आलो. ती पुढे, मी मागे.

नऊ वाजले की झिबल
खोलीच्या पत्र्यावर हूक वाजवतो.
'बाबू, टाइम झाला!'
रांगेतून शिव्या येतात, हॉर्न येतात.
गाडी काट्यावर उभी असते,
काचेमागे वजन उभं असतं,
मी भाकर मोडतो.
त्यातला चतकोर झिबलचा, ठरलेला.

ड्रॉवरमध्ये शिक्क्याशेजारी साखरेची पुडी आहे.
अजून पुन्हा लागली नाही.
महिन्याला ती बदलतो,
आणि जुनी काट्यामागच्या बाभळीखाली
मुंग्यांना देतो.
त्या न तोलता नेतात.