थंड पाणी आणि मीठ

चर्चच्या जुन्या बाजारात पन्नास पेन्सला मिळालं.
पाठीचं कापड उसवलेलं, आत
हॅलिफॅक्सच्या लायब्ररीचे जांभळे शिक्के.

चौदाव्या वर्षी वाचलं होतं तेव्हा
मी थेट दिवाणखान्यात जाऊन बसले होते,
कर्नलच्या शेजारी, हिरव्या रेशमात.
तू कुणाची, असं कुणी विचारलंही नाही.
आता सत्तरी उलटली,
आणि या खेपेला पुस्तकानं मला
मागच्या दारानं आत घेतलं.

खून तिसऱ्या प्रकरणात.
सर हम्फ्री पालथे,
इराणी गालिच्यावर बशीएवढा डाग.
मग तो हुशार माणूस येतो. चिमूटभर राख,
बंद पडलेलं घड्याळ, अर्धं जळालेलं पत्र.
पाहुणे म्हणतात, आम्ही झोपलो होतो.
तो लिहून घेतो.
हिल्डाला मात्र दोनदा बोलावतो,
कारण असल्या मुली घाबरल्या की खोटं बोलतात.
हे तो रागानं म्हणत नाही. मायेनं म्हणतो.

मृत्यूची वेळ ठरते
हिल्डानं सव्वासहाला नेलेल्या चहावरून.
अख्खं कोडं तिच्या पायांवर उभं:
वर जाताना गरम पाणी, खाली येताना राख.
जिने किती, लेखकानं सांगितलं नाही.
मी मोजत गेले. चार.

अकराव्या प्रकरणात हिल्डा मेली, धुणंघरात.
तिनं काहीतरी पाहिलं होतं.
अर्धं पान. पुढच्या ओळीला जेवणाची घंटा,
आणि सूप कुणीतरी वाढलंच.

माझी आई श्रॉपशरला अशाच घरी होती.
नाव रोझमंड.
बाईसाहेब म्हणाल्या,
स्वयंपाकघराला हे जड होईल, तू जेन.
आधीचीही जेनच होती.
एप्रन तिचाच, नाडी तेवढी नवी.
म्हणून हिल्डा या नावावर
माझा विश्वास नाही.

आणि तो गालिचा.
सातव्या प्रकरणात त्याच खोलीत सगळे शेरी पितात
आणि गालिचा स्वच्छ.
कुणी धुतला?
ज्याला सगळे प्रश्न पडतात
त्याला हा एक पडत नाही.
आई सांगायची, रक्ताला गरम पाणी लावायचं नाही,
डाग शिजतो, मग जन्माचा होतो.
थंड पाणी, मूठभर मीठ,
कडेकडून मध्याकडे.
हे तुला कुठे कळलं,
असं मी तिला कधी विचारलं नाही.

खुनी कोण ते मी विसरले होते.
पुन्हा वकिलावरच संशय घेतला, पुन्हा फसले,
रात्री दोनपर्यंत बिस्किटं खात.
हीच तर पंचाईत, ते घर मला अजून आवडतं.
धुक्यात त्याची खिडकी उजळली
की वाटतं, आत जावं.

उठले. कप विसळून पालथा घातला.
फरशीवर चहाचा एक थेंब होता,
तो पायमोज्यानंच पुसला.
आई असती तर ओरडली असती.