दहापैकी सात

रविवारच्या पुरवणीत, राशिभविष्य आणि पाककृतीच्या मधे
माझं परीक्षण छापून आलं,
खाली चौकटीत, ठळक: ७/१०.

सोमवारी हर्णैत मला कुणी ओळख दिली नाही.
दुकानाच्या शटरवर खडूने लिहिलेलं:
७?
प्रश्नचिन्ह माझ्या कमरेइतकं उंच.

मी मोबाइल दुरुस्त करते. मागच्या खोलीत दोन पडदे,
तासाला वीस रुपये.
बंदरावरची पोरं तिथे येतात
हातांत बर्फाचा गारठा, बोटांना कोळंबीचा वास घेऊन.
बटणं मी रोज रात्री लिंबाने पुसते.

'अथांग'ची वाट त्यांनी तीन वर्षं पाहिली.
समुद्राचा खेळ. एक बोट, सात वादळं.
मोइझने बर्फ फोडून, धनेशने जाळी सांधून
पैसे जमवले, माझ्याच बिस्किटाच्या डब्यात.
आणि मी लिहिलं:
पाणी सुंदर आहे, पण बोटीला वजन नाही.
लाट उचलते तेव्हा पोटात खड्डा पडत नाही.
सुकाणू फार लवकर ऐकतं.
बंदरं सुनी आहेत.

धनेश दारात उभा राहिला, आत आला नाही.
"मला दहावीला बेचाळीस टक्के पडले
तेव्हा तूच म्हणालीस ना, आकड्यात काय आहे?"
मी सोल्डरिंगची सळई तापली का ते बघत राहिले.
मोइझ म्हणाला, "पुण्याच्या माणसाने साडेनऊ दिलेत."
मागून कुणीतरी: "बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं."
बाकीचे हसले. मोइझ हसला नाही,
पण गप्प बस असंही म्हणाला नाही.
ते मी लक्षात ठेवलंय.

संध्याकाळी लिलाव उरकल्यावर
रंजूबाय पावसेने मला शेपटाकडची तुकडी दिली.
"पोरांचं मन मोडलंस.
एक आकडा वाढवला असतास तर काय तुझ्या बापाचं गेलं असतं?"
"कालच्या सुरमईला मी ताजी म्हणू?"
"म्हण की," ती म्हणाली, "मी रोज म्हणते."

आता खरं सांगते.
खेळ त्यांनी अजून पाहिलाच नव्हता.
ब्याण्णव जीबी, टॉवर एकच,
वीज गेली की टक्का जागच्या जागी.
अकरा दिवस ती निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती
आणि अकरा दिवस पोरं भांडत होती,
न जन्मलेल्या भाच्याची बाजू घेऊन भांडावं तशी.

बाराव्या रात्री शंभर झाले.
आठ जण, दोन खुर्च्या.
मला कुणी आत बोलावलं नाही. दुकान माझंच.
मी गल्ल्यावर बसून ऐकलं.
"आईशप्पथ, पाणी बघ."
"अरे पाणी बघ!"
मग बराच वेळ नुसती बटणं.
मग धनेश, सुकाणू त्याच्या हातात असावं:
"हलकी आहे रे."
"गप."
"नाय, हलकी आहे. भरलेली बोट अशी वळते काय?"
कुणी उत्तर दिलं नाही.
ह्या सगळ्यांनी भरलेली बोट वळवली आहे.

पहाटेकडे मोइझने मासळी भरून आणली,
पडद्यातल्या धक्क्याला बोट लावली.
दिवे लागलेले. दोर धरायला कुणी नाही.
टोपली नाही, कावळा नाही,
भाव पाडायला एक माणूस नाही.
"वैजूताई," तो म्हणाला, बारा दिवसांनी पहिल्यांदा,
"इथे गिऱ्हाईक कधी येतं?"
"येत नाही."
तरी तो थांबला. पाच मिनिटं, सहा.
मासळी चकाकत राहिली. तिला वास नव्हता,
म्हणून ती नासतही नव्हती.

घरी जाऊन, अंघोळ करून नऊला परत आले
तर शटरवरचं प्रश्नचिन्ह पुसलेलं,
सातापुढे टिंब पाच.
त्याखाली दुसऱ्या हाताने: सहा. खोडलेलं.
आणि अगदी खाली, कुलपापाशी,
धनेशचं अक्षर, त्याचा 'ह' अजून उलटा येतो,

पाणी दहा.