कदाचित

रात्री साडेअकराला आइवार पुन्हा व्हॅन बाहेर काढायचा.
कुरेसारे ते लेइसी, खड्डा न् खड्डा तपासत,
मागे काळ्या पावाचे रिकामे ट्रे खडखडत.
तीनला परत. बुटांना बर्फ, हातात टॉर्च,
आणि मला हलवून:
हेल्वी, मी कुणाला उडवलं तर नाही ना?

नाही रे, म्हणायचे मी.
झोपेत नाही, चहा ओतताना नाही,
मुलीशी फोनवर बोलता बोलता नुसत्या मानेनं नाही.
माझं 'नाही' म्हणजे तापल्या तव्यावरचं पाणी.
चुर्र. की पुन्हा तेच.
वैऱ्यालाही सुचणार नाही
ते त्याला त्याचंच मन सुचवायचं,
आणि मी प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे.
यालाच मी संसार समजत होते.

मग मारेत यायला लागली, दर मंगळवारी, फेरीबोटीनं.
आमच्या मुलीच्या वयाची. दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
धीराचा एक शब्द बोलली नाही.
व्हॅनमध्ये त्याच्याशेजारी बसली
आणि म्हणाली, त्या खड्ड्यातून न्या.
धप्प.
भीती किती, शंभरपैकी?
पंच्याण्णव.
बरं. वळायचं नाही. चालवत राहा.
(हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा
तो शर्ट पिळून वाळत घालत होता.)

निघताना ती माझ्याकडे वळली.
तुम्ही आता 'नाही' म्हणायचं नाही.
मग काय म्हणू?
कदाचित.

पहिल्या रात्री म्हणाले.
कदाचित उडवलं असशील, आइवार. कदाचित नसशील.
त्यानं असं पाहिलं
की गाडी मीच त्याच्या अंगावर घातली होती.
न्हाणीच्या कडेवर जाऊन बसला, दार उघडं टाकून.
किल्ली खुंटीला. आमच्या दोघांचे डोळे किल्लीला.
मी विणत होते, टाके चुकत होते, उसवत नव्हते.
उठून त्याच्याजवळ जायचं नाही,
याला इतकी ताकद लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी आतून आवाज आला:
भूक लागलीय.
उभ्या उभ्या पाव खाल्ला. कडा, लोणी, मीठ.

बरा झाला असं म्हणणार नाही.
ईस्टरच्या आधी दोनदा मागे वळला,
घरी येऊन आपणहून कबूल केलं, चिडून.

परवा लेइसीच्या वळणावर काहीतरी वाजलं म्हणाला.
ट्रे असेल. फांदी असेल.
विचारणार नाहीये, म्हणाला,
आणि कूस बदलून झोपला, चक्क घोरत.

मी जागी.
किती जोरात वाजलं? पुढे की मागे?
वाटेवर कोण असेल एवढ्या अंधारात?
टॉर्च दाराशीच आहे.
सेल नवे आहेत.
मीच घातलेत.