उलटी बाजू

वूचमधल्या बंद गिरणीचा तिसरा मजला.
भाडं थकलेलं, हीटर खोकणारा.
बोग्नाच्या मागावर दहावा पट अर्धा.
नोव्हेंबरात प्रदर्शन. अकरा हवेत.

नक्षी तिने ट्रामच्या आसनांवरून उचलली:
मळ दिसू नये म्हणून
कुणीतरी मन लावून आखलेले
जांभळे-करडे तुकडे.
फोटो चारशेच्या वर. एकात
कुण्या म्हाताऱ्याचा गुडघाही आलाय.
तोही विणलाय तिने, आठव्यात.

पावडी अडली की खालून झेनॉन येतो,
याच मजल्यावर एकतीस वर्षं
तिन्ही पाळ्यांत राबलेला.
पाना पिशवीतच राहतो.
आधी कापड उलटतो,
गाठींवरून अंगठा फिरवतो,
समोरची बाजू बघतच नाही.
"इथं घाई झाली," म्हणतो. "मंगळवारी?"

मंगळवारच होता.
त्या दिवशी घरमालकाचं पत्र आलं होतं.

रात्री तिने गॅलरीला कळवलं:
एकही पट भिंतीला टेकवू नका.
छतापासून सोडा,
मागे माणूस शिरेल एवढी जागा ठेवा.
माणूस जाडा आहे.
आणि हो, एक खुर्ची,
गुडघे दुखतात त्याचे.